‘आदिम मुखवट्यांचा प्रभाव पडला’ असं लिहावं का?

प्रश्न असा आला आहे: “मुलांसाठी पिकासोवरची एक छोटी पुस्तिका मराठीत करते आहे. तिच्यात एक वाक्य आहे, ‘आदिम आफ्रिकन मुखवट्यांचा पिकासोवर मोठा प्रभाव पडला.’ संपादकांनी ‘आदिम’खाली रेघ मारून ‘आदिवासी’ करायला सांगितलं आहे. दोन्हींपैकी बरोबर शब्द कोणता?”

माझं मत विचाराल तर दोन्ही काढा. ते का, हे पुढे सांगतो. पण तुमचं वाक्य दोन दिवस डोक्यात घोळल्यावर मला त्यातला सगळ्यात मोलाचा शब्द दुसराच वाटायला लागला, आणि तो म्हणजे ‘मुखवटा’. तिथूनच सुरुवात करतो.

आमच्याकडे गौरींचे पितळी मुखवटे वर्षभर माळ्यावरच्या ट्रंकेत, जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेले असायचे. गौरी यायच्या आदल्या दिवशी आजी ते काढायची, चिंचेने घासायची आणि पुसून पाटावर पालथे ठेवायची. तेव्हा ती भांडीच असायची. दुसऱ्या दिवशी दारातून हळदीकुंकवाच्या पावलांवरून आत आणून, साडी नेसवलेल्या उभ्या सांगाड्यावर ते बसवले, की आजीचा आवाज बदलायचा. “आल्या,” म्हणायची. खंडोबाच्या पालखीतला मुखवटाही असाच. तो कुणाचा चेहरा झाकत नाही. तो आला म्हणजे देव आला.

आता हाच शब्द वर्तमानपत्रात बघा. ‘मुखवटा गळून पडला’, ‘सज्जनपणाचा मुखवटा’, ‘मुखवट्यामागचा माणूस’. इथे मुखवटा म्हणजे खोटं तोंड. एकच शब्द देवघरात प्रकट करतो आणि बातमीत लपवतो. तुमच्या पुस्तिकेतली मुलं दुसरा अर्थ घेऊन येणार, कारण रोज कानावर तोच पडतो. म्हणून त्यांना पहिल्या अर्थाची आठवण करून द्यावी लागेल.

पण पहिला अर्थही इथे पुरत नाही. आपल्याकडे त्याहून नेमका एक शब्द आहे. जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा होतो. त्यात रात्रभर गणपती, सरस्वती, रावण असे एकामागून एक येतात, वाजंत्र्यांच्या ठेक्यावर नाचतात आणि जातात. तिथे येतं त्याला ‘सोंग’ म्हणतात. सोंग निघतं, सोंग आणतात, सोंग नाचवतात. ‘रात्र थोडी, सोंगं फार’ ही म्हण अशाच रात्रींची आहे. तोंडावरचं लाकूड किंवा कागदाचा लगदा हा सोंगाचा एक भाग. अंगावरचे कपडे, हातातली शस्त्रं, पायांतला ताल, वाजंत्री, बघणारं गाव आणि आतला माणूस, हे सगळं मिळून सोंग. हिंदीतला ‘स्वांग’ आणि हा शब्द एकाच घरातले, आणि त्यात ‘अंग’ आहे, नुसतं मुख नाही. नाशिककडे तर ‘सोंगी मुखवटे’ असा जोडशब्दच रूढ आहे. बोलणाऱ्यांना दोन्हींतला फरक कळत होता, म्हणूनच तो जोड झाला.

आता पश्चिम आफ्रिकेत चला. लायबेरिया आणि आयव्हरी कोस्टच्या सीमेवर दान लोक राहतात. त्यांच्याकडे ज्याला ‘गे’ किंवा ‘ग्ले’ म्हणतात ते लाकडाचं नाव नाही. रानातून गावात येणारी एक शक्ती, तिचा पोशाख, तिचं चालणं, तिचं बोलणं, हे सारं मिळून ‘ग्ले’. युरोपी भाषांनी त्यातून लाकडाचा चेहरा तेवढा उचलला आणि त्याला ‘मास्क’ म्हटलं. मराठीजवळ ‘सोंग’ तयार आहे. इंग्रजीतून भाषांतर करताना मूळ मजकुरापेक्षा आपली भाषा खऱ्या वस्तूच्या जास्त जवळ असण्याची संधी क्वचितच येते. इथे ती आली आहे, ती सोडू नका.

अडचण एकच आहे. पिकासोने सोंग पाहिलं नव्हतं. पॅरिसच्या त्रोकादेरोतल्या मानववंशशास्त्राच्या संग्रहालयात तो १९०७ मध्ये गेला तेव्हा त्याच्यासमोर होतं ते उरलेलं लाकूड. तो नाचणारा नव्हता, ढोल नव्हते, ते गाव नव्हतं. दमट, कोंदट दालनं आणि त्यांत दाटीने मांडलेल्या वस्तू होत्या. पुढे आंद्रे मालरो या फ्रेंच लेखकाला त्याने सांगितलं की तिथल्या वासाने निघून जावंसं वाटत होतं, तरी पाय निघाला नाही. ही नुसती शिल्पं नाहीत, माणूस आणि त्याला भिववणाऱ्या शक्ती यांच्यामधले हे मध्यस्थ आहेत, असं तिथे त्याला उमगलं. म्हणजे मुखवटा बघूनच त्याला सोंगाची चाहूल लागली होती. त्या वर्षीच्या ‘आव्हीन्यॉंच्या तरुणी’ या जवळपास अडीच मीटर उंच चित्रात उजवीकडच्या दोघींचे चेहरे बघा. नाकं पातीसारखी बाजूला वळलेली, गालांवर ओरखड्यांसारख्या रेषा.

म्हणून माझा सल्ला असा: पॅरिसमधल्या वस्तूला ‘मुखवटा’ म्हणा, गावातल्या घटनेला ‘सोंग’ म्हणा, आणि दोन्ही शब्द पुस्तिकेत येऊ द्या.

आता ‘आदिम’. मराठीत हा शब्द शिवी नाही. ‘आदि’ आपल्याकडे मानाचा आहे, आदिमाया आणि आदिशक्ती त्यातूनच येतात. त्यामुळे तुम्ही तो चांगल्या मनाने लिहिला असणार यात शंका नाही. पण तो काळ सांगतो. आदिम म्हणजे सुरुवातीचा, आरंभकाळातला. आणि इथे तो सरळसरळ चूक ठरतो. पॅरिसच्या चित्रकारांनी पाहिलेली बहुतेक लाकडी शिल्पं एकोणिसाव्या शतकातली किंवा विसाव्याच्या सुरुवातीची. ती घडवणारे हात पिकासोच्या बापाच्या आणि आजोबांच्या वयाचे होते, काही तर त्याच्याच वयाचे.

एक उदाहरण देतो. हल्लीच्या नायजेरियात योरुबा लोकांमध्ये इसे गावचा ओलोवे नावाचा शिल्पी होऊन गेला. तो १९३८ च्या सुमारास वारला, म्हणजे पिकासोचा समकालीनच. इकेरेच्या राजवाड्यासाठी त्याने १९१० ते १९१४ च्या दरम्यान एक दाराची जोडी कोरली. दारावर चौकटी आहेत. एका बाजूला सिंहासनावर राजा, मागे राणी. दुसऱ्या बाजूला डोलीत बसून आलेला ब्रिटिश अधिकारी, त्याला वाहणारे भोई, आणि ओझी घेतलेली माणसं. आकृत्या लाकडातून इतक्या पुढे आल्या आहेत की पार्श्वभूमीपासून सुटतील असं वाटतं. वसाहतीचा अधिकारी राजवाड्यात आला, ही त्या गावातली ताजी घटना होती आणि ओलोवेने ती कोरली. याला आदिम कसं म्हणायचं? १९२४ मध्ये ही दारं लंडनच्या वेम्ब्ली प्रदर्शनात आली आणि ब्रिटिश म्युझियमला हवीशी वाटली. इकेरेच्या राजाने ती विकली नाहीत. बदल्यात इंग्लंडमध्ये बनवलेलं सिंहासन घेतलं.

‘आदिवासी’ही बसत नाही. आपल्याकडे त्या शब्दाला माणसं आहेत, हक्क आहेत, लढे आहेत. तो उचलून दुसऱ्या खंडावर चिकटवला की इथला अर्थ पातळ होतो आणि तिथला चुकतो. ज्यांचे मुखवटे पॅरिसमध्ये सगळ्यात जास्त वाखाणले गेले ते फांग लोक एकोणिसाव्या शतकातही उत्तरेकडून गाबोनमध्ये सरकत होते, म्हणजे शब्दशः तिथले ‘आदि’ रहिवासीही नव्हते. हल्लीच्या नायजेरियातलं बेनिन हे तर पितळेच्या ओतकामाचं दरबारी राज्य होतं. काँगोच्या राजाने १४९१ मध्ये पोर्तुगीज पाद्र्यांकडून बाप्तिस्मा घेतला होता. या सगळ्यांना एकाच शब्दाखाली दाटीने बसवणं म्हणजे पुन्हा त्रोकादेरोचं कपाट. शक्य तिथे लोकांचं नाव लिहा: फांग, दान, बाउले, ग्रेबो, योरुबा. मुलांना नावं जड जात नाहीत, डायनासोरांची अवघड नावं त्यांना पाठ असतातच.

पाश्चात्त्यांनाही ‘आदिम’ने, म्हणजे त्यांच्या ‘प्रिमिटिव्ह’ने, अडचणीत आणलं. न्यूयॉर्कमध्ये छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिगलित्झच्या ‘२९१’ या छोट्या गॅलरीत १९१४ मध्ये आफ्रिकन लाकडी शिल्पांचं प्रदर्शन झालं. त्याच्या नावात शिल्पकारांना ‘रानटी’ म्हटलं होतं आणि त्याच नावात त्यांच्या कामाला ‘आधुनिक कलेचं मूळ’. त्याच शहरातल्या आधुनिक कला संग्रहालयाने १९८४ मध्ये मोठं प्रदर्शन भरवलं तेव्हा ‘प्रिमिटिव्हिझम’ हा शब्द अवतरणचिन्हांत घातला, तरी टीका टळली नाही. ‘प्रिमिटिव्हिझम’ला मराठी शब्द लागला तर ‘आदिमवाद’ खुशाल वापरा. ते पॅरिसच्या चित्रकारांच्या मनातल्या कल्पनेचं नाव आहे, आफ्रिकेतल्या कुठल्याच वस्तूचं नाही.

जाता जाता ‘फेटिश’. पुढच्या पानांत तो येण्याची शक्यता आहे म्हणून सांगतो. पोर्तुगीज ‘फेइतिसो’ म्हणजे जादूटोणा, घडवलेली मंतरलेली वस्तू. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या पोर्तुगीज खलाशांनी तो तिथल्या पूज्य वस्तूंना लावला आणि १७६० मध्ये शार्ल द ब्रॉस या फ्रेंच विद्वानाने त्यावरून धर्माचा एक प्रकारच पाडला. काँगोतल्या खिळे ठोकलेल्या मूर्तींना फार काळ ‘खिळ्यांचा फेटिश’ म्हणत. त्यांचं खरं नाव न्किसी. पोटातल्या पोकळीत न्गांगाने, म्हणजे तिथल्या वैदू-पुरोहिताने, औषधी द्रव्यं भरली की ती जागी होते, आणि ठोकलेले खिळे म्हणजे तिच्यासमोर घेतलेल्या आणाभाका, केलेले करार. प्राणप्रतिष्ठा हा शब्द ज्या भाषेत आहे तिला ही कल्पना समजायला ‘फेटिश’ची गरज नाही. ‘न्किसी’ लिहा, एकदा समजावून सांगा, पुढे तसंच चालवा.

राहिलं ‘प्रभाव पडला’. व्याकरण बघा. प्रभाव पडतो, जसा उजेड पडतो, पाऊस पडतो. कुणी काही केलं नाही, आपोआप झालं. आणि इथे तर माणसं कामाला लागली होती. ग्रेबो मुखवट्यात चेहऱ्याची पाटी सपाट असते आणि डोळे नळकांड्यांसारखे पुढे आलेले. जो डोळा आपण खोबणीत आत शोधतो तो बाहेर येतो, तरी तो डोळाच वाटतो. असा मुखवटा पिकासोच्या स्टुडिओत होता. १९१२ मध्ये त्याने पुठ्ठ्याची गिटार केली आणि नंतर पत्र्याची. तिचं भोक, म्हणजे जिथे पोकळी असायला हवी ती जागा, त्याने पुढे आलेली नळी करून दाखवली. त्याचा विक्रेता कानवायलर याने हा धागा पुढे लिहून ठेवला. याला काय म्हणाल? ‘उचललं’ म्हटलं तर मराठीत चोरीचा वास येतो. ‘उसनं घेतलं’ म्हटलं तर परत केलं का, असा प्रश्न येतो. मला ‘शिकला’ हा शब्द आवडतो, कारण शिकला म्हटलं की कुणाकडून ते सांगावं लागतं. १९२० मध्ये याच पिकासोला एका मासिकाने आफ्रिकन कलेबद्दल विचारलं तेव्हा तो म्हणाला, “माहीत नाही बुवा.” म्हणून तर ‘कुणाकडून’ हे आपण लिहायचं.

आणि संग्राहक. पुस्तिकेत ‘संग्राहकांनी या वस्तू गोळा केल्या’ असं वाक्य असेल तर तिथे थांबा. पॅरिसचा चित्रकार व्लामिंक याने स्वतःच्या आठवणींत सांगितल्याप्रमाणे त्याच्याकडचा पांढरा फांग मुखवटा देरँ या चित्रकार मित्राने ५० फ्रँकला घेतला. ही खरेदी झाली. चित्रकार मातिसने १९०६ मध्ये पॅरिसच्या दुकानातून काँगोतली बसलेली छोटी मूर्ती आणली, तीही खरेदीच. पण १८९७ मध्ये ब्रिटिश फौजेने बेनिनचा राजवाडा जाळला आणि हजारो वस्तू नेल्या, त्याला मराठीत ‘लूट’ म्हणतात, दुसरा शब्द शोधू नये. या दोन टोकांमध्येही बरंच काही आहे. १९३१ ते १९३३ मध्ये फ्रेंच मोहीम डाकारहून जिबूतीपर्यंत संग्रहालयासाठी वस्तू जमवत गेली. तिचा चिटणीस मिशेल लेरिस याने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलं आहे की एका गावातली ‘कोनो’ ही पूज्य वस्तू त्यांनी पोलिसांची भीती घालून, १० फ्रँक हातावर ठेवून नेली. संग्रहालयाच्या नोंदीत हे ‘संकलन’ होतं.

हे जुनं झालं असंही नाही. फ्रान्समध्ये एका वृद्ध जोडप्याने घरातला फांग मुखवटा जुन्या वस्तू घेणाऱ्याला १५० युरोला दिला. २०२२ च्या मार्चमध्ये माँपेलियेच्या लिलावात तो ४२ लाख युरोंना गेला. घरात तो आला होता वसाहतीत अधिकारी असलेल्या पूर्वजाकडून. जोडपं कोर्टात गेलं आणि खालच्या कोर्टात हरलं. गाबोनच्या सरकारनेही त्या खटल्यात मुखवटा मागितला. ते सोंग होतं ‘न्गिल’चं. रात्री पलित्यांच्या उजेडात, पांढऱ्या मातीने माखलेला लांब चेहरा घेऊन ते गावात येई, करणी करणारे हुडकून काढी आणि न्याय करी. फ्रेंच सरकारने त्यावर बंदी घातली आणि चेहरे फ्रान्सला गेले.

तर तुमचं वाक्य मी असं करीन. एकाची चार होतात, पण मुलांच्या पुस्तिकेत तेवढी जागा असते:

“१९०७ मध्ये पॅरिसच्या संग्रहालयात पिकासोने आफ्रिकेतून आणलेले मुखवटे पाहिले. ज्या गावांत ते कोरले गेले तिथे ती सोंगं होती: ती नाचत, न्याय करत, पूर्वजांना घेऊन येत. ते कोरणारे शिल्पी बहुतेक त्याच्या आजोबांच्या, वडिलांच्या किंवा त्याच्याच पिढीतले होते, पण त्यांची नावं कुणी लिहून घेतली नव्हती. चेहरा जसा दिसतो तसाच काढायला हवा असं नाही, हे पिकासो त्यांच्याकडून शिकला.”