जर्मनीत राहायला गेल्यावर तिथल्या लोकांचा स्वभाव तुम्हाला कसा वाटला?

मी मूळचा पुण्याचा, श्टुटगार्टला येऊन सहा वर्षं झाली. गाड्यांच्या कंपन्यांमुळे आपली बरीच मंडळी आहेत इथे, आणि मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून सिस्टर सिटीज पण आहेत. मी सांगतोय ते या श्वाबेन भागातल्या लोकांबद्दल, बर्लिनवाल्यांना कदाचित पटणार नाही.

पहिल्याच महिन्यात आमच्या दाराला कोणीतरी पाटी लटकवून गेलं, 'केरवोखे'. मला आपला केर आठवला आणि अर्थ खरंच तोच निघाला, केर काढायचा आठवडा! म्हणजे या आठवड्यात जिना आणि समोरचा फूटपाथ आपण झाडायचा, मग पाटी शेजाऱ्यांच्या दाराला. मी झाडला. संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या आजी जिना चढून वर आल्या, बेल वाजवली आणि म्हणाल्या, कोपरे राहिलेत. बस, एवढंच बोलून खाली गेल्या, कुठून आलात, कसे आहात, काही नाही. मला फार लागलं ते. घरी फोनवर सांगितलं की माणसं कोरडी आहेत इथली.

नंतर कळलं की या भागात म्हणच आहे, बोलणी बसली नाहीत ना, मग तेवढं कौतुक पुरे. ऑफिसमध्येही तेच, तुमची चूक मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगतील पण मग विषय तिथेच संपतो, आणि 'बघू, करू' हा प्रकार नाही, जमणार नसेल तर सरळ नाही म्हणतात, त्यामुळे एखादा हो म्हणाला की निर्धास्त राहता येतं. मला हे आता मनापासून आवडतं.

पण माझं मत खरं बदललं ते दुसऱ्या वर्षी, ९ नोव्हेंबरला. १९३८ साली याच रात्री नाझींनी देशभर ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळली, दुकानं फोडली होती. सकाळी बाहेर पडलो तर त्याच आजी फूटपाथवर गुडघे टेकून काहीतरी घासत होत्या. इथे फूटपाथमध्ये दहा सेंटिमीटरचे चौकोनी दगड बसवलेले असतात, श्टोल्परश्टाइन म्हणतात, नाझींनी छळलेल्या-मारलेल्या लोकांच्या आठवणीसाठी, वर पितळी पत्रा आणि त्यावर 'इथे राहत होते', नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठे मारलं. गुंटर डेम्निग नावाच्या कलाकाराने १९९० च्या दशकात सुरू केलं हे. आमच्या दारासमोर दोन आहेत, मी वर्षभर त्यांच्यावरून चालत होतो. १ डिसेंबर १९४१ ला इथल्या नॉर्थ स्टेशनवरून सुमारे हजार ज्यूंना लाटव्हियातल्या रिगाला नेलं, त्यात ही दोघं होती.

मी विचारलं, तुमच्या नात्यातले का हो? म्हणाल्या, नाही, पण आमच्या दारासमोर आहेत ना, मग काम आमचंच.

कोपरे राहिलेत म्हणणारी आणि हे म्हणणारी बाई एकच आहे, हे मला त्या दिवशी कळलं. आपल्या लोकांनी काय केलं ते रोज पायाखाली दिसेल असं स्वतःच्या दारात बसवून घ्यायचं आणि वर ते घासून चकचकीत ठेवायचं, याला केवढी ताकद लागत असेल.

आजी मला अजूनही अहो-जाहोच करतात, गप्पा फारशा नाहीतच. गुडघे दुखतात त्यांचे आता. यंदा पुण्याहून येताना मी पितांबरीची पाकिटं आणलीत, ९ तारखेला दगड मी घासणार आहे, आणि कोपरे राहिले तर त्या सांगतीलच.