वाचकांचे प्रश्न : 'हो ना' एवढंच बोलणारा मित्र

प्रश्न : ताई, नमस्कार. आमची दहावीची 1989 ची बॅच, जिल्हा परिषदेची शाळा, औसा तालुका. व्हॉट्सअ‍ॅपवर आमचा ग्रुप आहे. सत्तरेक जण असतील, कुणी पुण्याला, कुणी दुबईला. आमच्यातला एक जण गावीच कृषी सेवा केंद्र चालवतो. ग्रुपवर सगळ्यात जास्त तोच बोलायचा. दिवाळीनंतर दुकानातच त्याला लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा बसली. लातूरला नेलं, जीव वाचला. आता काठी घेऊन चालायलाय, पण बोलणं म्हणजे 'हो ना, हो ना', बस. आम्ही वर्गणी काढली, रोज मेसेज टाकतो. तो बघतो, निळ्या खुणा दिसतात, उत्तर मात्र येत नाही. व्हिडिओ कॉल केला की कट करतो. परवा वहिनींचा मला फोन आला, 'भावजी, जरा फोन कमी करा, ते दिवसभर चिडचिड करायलेत.' आता ग्रुपात दोन तट पडलेत. एक म्हणतो, त्याला ग्रुपमधून काढा, बघून त्याला त्रास होतो. दुसरा म्हणतो, रोज बोलतं केलं तरच वाचा येईल. कुणाचं खरं धरावं?
— एक वर्गमित्र

उत्तर : भाऊ, काढू तर मुळीच नका. काढलं की त्याच्या फोनवर ते दिसणारच, आणि बाकी काही वाचता आलं नाही तरी तेवढं त्याला नेमकं कळेल. पण रोज बोलतं करणाऱ्यांचंही सगळं खरं नाही.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात : ग्रुपवर तोच जास्त बोलायचा. ज्याची सगळी मजा बोलण्यात होती, त्याचं नेमकं तेच गेलं. आणि तुम्ही रोज त्याच्यासमोर शब्दच वाढताय. सत्तर जणांचे.

डॉक्टरांच्या कागदावर बहुतेक 'अफेजिया' असं लिहिलेलं असेल. मराठीत वाचाघात. यात जीभ जड होते असं नव्हे, शब्दच सापडत नाही. बहुतेक माणसांचं भाषेचं केंद्र मेंदूच्या डाव्या बाजूला असतं आणि शरीराची उजवी बाजूही तिथूनच चालते, म्हणून हात आणि वाचा जोडीनं गेली. बोलण्याबरोबर लिहिणं आणि वाचणंही अडतं, हे घरच्यांनासुद्धा कुणी नीट सांगितलेलं नसतं. 'बोलता येत नाही तर टाइप कर ना' असं ग्रुपवर कुणी तरी लिहिलंच असेल. तो माणूस 'मी बरा आहे' एवढं टाइप करायला बसला, तर 'मी'नंतर काय हेच त्याला गवसत नाही, आणि फोन धरायचा डाव्या हातात. निळी खूण दिसते याचा अर्थ त्यानं ग्रुप उघडला, इतकाच.

'हो ना' ऐकून घाबरू नका. 1861 साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरांकडे एक रुग्ण आला होता. तो कशालाही 'टॅन' एवढंच म्हणायचा, समोरच्याचं बोलणं मात्र त्याला कळायचं. तो वारल्यावर ब्रोकांनी त्याचा मेंदू पाहिला, तर इजा डाव्या बाजूला, पुढच्या भागात सापडली. मी वाचाउपचारतज्ज्ञ आहे, असा एखादाच बोल शिल्लक राहिलेले रुग्ण मी लातूरला कायम बघते. कुणाचा 'हो ना', कुणाचा 'आलं की', एका आजींचा फक्त 'देवा'.

यात एक फसगत होते, तेवढी सांभाळा. 'जेवलास का?' 'हो ना.' 'दुखतंय का?' 'हो ना.' हा होकार धरायचा नसतो. तोच प्रश्न उलटा करून विचारा, 'जेवण राहिलंय का?' तिथंही 'हो ना' आलं तर शब्द सोडा, चेहरा आणि हात बघा. आणि त्याला समजतं म्हणून सगळंच समजतं असंही नाही. सहा जण एकदम बोलायला लागले, मागे टीव्ही चालू असला, की धागा सुटतो. व्हिडिओ कॉल तो कट करतो ते यामुळे. स्क्रीनवर सहा चेहरे, सगळे मोठ्यानं 'ओळखलंस का मला?' म्हणणारे. मी धडधाकट आहे, तरी मीही कट केला असता.

मग करायचं काय? शब्दांशिवाय उत्तर देता येईल असं काही तरी त्याच्याकडे पाठवा.

तुमच्यातल्या शेती करणाऱ्या कुणी हरभऱ्याचं पिवळं पडलेलं झाड उपटून त्याच्या मुळाचा फोटो काढावा. दुसरा फोटो भोक पडलेल्या घाट्याचा. दोन्ही वेगवेगळे पाठवायचे आणि खाली एकच ओळ : 'जास्त नुकसान कशानं? मर रोग की अळी?' ज्या फोटोवर त्याचा अंगठा उमटेल ते उत्तर. तीस वर्षं काउंटरवर उभं राहून ज्यानं पानं बघून रोग ओळखले, त्याला ते अजून येतं. वाचाघातात शब्द जातात, अक्कल जात नाही. आठवड्यातून दोन-तीनदा असा खरा प्रश्न गेला, तर रोजच्या गुलाबाच्या फुलांपेक्षा आणि 'गेट वेल सून'पेक्षा तो त्याला जास्त लागेल. (फवारणीआधी मात्र कृषी सहायकालाही विचारा. मैत्रीपायी पीक घालवू नका.)

आवाजी मेसेज पाठवायचा तर एकानं, थोडक्यात, आधी स्वतःचं नाव सांगून. फोन करायचा तर सकाळी, तो ताजा असताना, दहाच मिनिटं. लकव्यानंतरचा थकवा झोपेनं भागत नाही, दुपारनंतर माणूस अक्षरशः रिकामा होतो. प्रश्न विचारला की गप्प बसायचं. दहा आकडे मनात मोजा. फोनवरची शांतता आपल्यालाच सोसत नाही आणि आपण त्याचं वाक्य पुरं करून मोकळे होतो. तो शब्दाच्या जवळ आलेला असतो, तेवढ्यात आपण तो हिसकावून घेतो.

आता शाळेकडे येते, कारण इथं बॅचला जे जमेल ते मलाही जमत नाही. पाठ झालेलं, सुरात म्हटलेलं बोलणं बऱ्याचदा शाबूत राहतं. एक ते दहा आकडे, पाढे, हरिपाठ, आरती, वेळामावसेला रानात देतो ती आरोळी. स्वतःच्या बायकोचं नाव न सापडणारा माणूस 'पुंडलिक वरदे'ला पुढचं सगळं म्हणून दाखवतो आणि घरचे थक्क होतात. तुम्ही सगळे एकाच वर्गात, एकाच चालीवर प्रतिज्ञा म्हणत मोठे झालात. चार-पाच जणांनी ती शाळेतल्याच चालीवर, सावकाश म्हणून पाठवा आणि प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द सोडा : 'भारत माझा देश…' तो शब्द त्याला टाकू द्या. पाढेही तसेच. वहिनींना मात्र आधी सांगून ठेवा, की शिव्याही याच खात्यात जमा असतात आणि त्याही अस्खलित येतील.

पण प्रतिज्ञा पूर्ण म्हटली म्हणून 'आपला भाऊ बोलायला लागला' असा डंका पिटू नका. चहा हवाय हे सांगायला अजून त्याला वेळ लागणार आहे. पाठ म्हणण्यातून स्वतःच्या मनातल्या बोलण्याकडे नेण्याचे व्यायाम असतात, ते वाचाउपचारतज्ज्ञाकडूनच शिकायचे. मी मुंबईला वांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा-श्रवण संस्थेत शिकले. तिथून आणि म्हैसूरच्या तशाच संस्थेतून शिकलेले बरेच जण आता व्हिडिओवरून उपचार देतात. तालुक्याला आमच्यासारखे लोक शोधून सापडत नाहीत, तेव्हा ग्रुपमधल्या पुणेकरांनी हे एक काम अंगावर घ्यावं. समोर ठरलेला एकच माणूस, हातात चित्रं, आवाज कमी, एवढं पाळलं तर असा कॉल तो कट करणार नाही.

वर्गणी काढलीत, चांगलं केलंत. पण मला वाटतं, त्या घराला सगळ्यात जास्त घोर उधारीचा असेल. कृषी सेवा केंद्र म्हणजे पेरणीला दिलेलं बी-खत सुगीला वसूल करायचं. कुणाकडे किती, कुणाला थांबवायचं, कुणाला टोकायचं, हे अर्धं वहीत आणि अर्धं त्याच्या डोक्यात. तुमच्यातला हिशेबातला एक जण चार रविवार त्याच्या मुलाजवळ बसू द्या, त्यालाही शेजारी बसवून. वहीतल्या नावावर बोट ठेवायचं, तो मान हलवेल नाही तर हात उडवेल. बी-खताच्या परवान्यांच्या तारखाही त्याच बैठकीत बघून घ्या. पुढची खरिपाची खरेदी दारात उभी आहे.

या कामांसाठी चार-पाच जणांचा वेगळा छोटा ग्रुप करा, त्यात तो नको. मोठ्या ग्रुपवर त्याच्याविषयी 'त्याला फिजिओ कुणाचा लावलाय?' असलं काही लिहू नका. तो तिथं आहे, बघतोय. त्याच्या चालण्याचा व्हिडिओ टाकायचा तर त्याला दाखवून, त्याच्या मानेचा होकार घेऊन. बातमी वहिनींकडून एकानंच घ्यायची आणि सगळ्यांना सांगायची, म्हणजे त्यांचा फोन दिवसभर वाजणार नाही. आठवड्यातून अर्धा दिवस कुणी तरी त्याच्याजवळ बसा. वहिनींनी त्या वेळात झोपावं, माहेरी जावं, काहीही करावं.

पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा वेगानं होते, हे खरं. सहा महिन्यांनी दार बंद होतं, हे खरं नाही. बोलणं तर वर्ष-दोन वर्षांनंतरही सुधारताना मी पाहिलंय. तोवर तुमच्यातले साठ जण आपापल्या कामाला लागलेले असतील. उरलेल्या दहांनी आठवड्याचे वार वाटून घेतले तरी पुष्कळ.

आणि अपंगत्वाच्या सरकारी दाखल्याचं : 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचाघातामुळे आलेलं कायमचं अपंगत्वही धरलंय. फक्त हातपाय बघून टक्के लावू देऊ नका, बोलण्याचीही तपासणी मागा. घाई नाही, डॉक्टर म्हणतील तेव्हा अर्ज करा.

प्रश्न : माझ्या वडिलांना पॅरालिसिस होऊन वर्ष होत आलं. कुणीही भेटायला आलं की ते हमसून रडतात, कधी कधी मध्येच हसतात. पाहुणे म्हणतात, मन खचलंय, देवाधर्माचं करा. आम्ही आता कुणाला घरी बोलवायचंच बंद केलंय.
— एक लेक, जिंतूर

उत्तर : बोलवा, बंद करू नका. रडू आणि हसू आवरणारी मेंदूतली वाटच दुखावली की असं होतं. आत तेवढं दुःख नसतं, बाहेर पूर येतो आणि मिनिटाभरात ओसरतो. अशा वेळी 'रडू नका हो अण्णा' म्हणत भोवती जमू नका. विषय बदला, पाणी द्या, खिडकीतलं काही दाखवा. पाहुण्यांना दारातच सांगून ठेवा. याला 'स्यूडोबल्बर अफेक्ट' म्हणतात. यावर औषधं आहेत, न्यूरॉलॉजिस्टना नावानिशी विचारा.

मन खचणं वेगळं. ते पाहुण्यांसमोर नाही, एकटं असताना दिसतं. जेवणावरची वासना जाते, पहाटेच जाग येते, व्यायामाला नकार, 'कशाला जगवलं' अशी भाषा. लकव्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला हे होतं आणि तेही उपचारानं सुधारतं. वडिलांचं असं असेल किंवा तुम्हालाच झेपत नसेल, तर 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

प्रश्न : चुलत्यांना लकवा झालाय. कबुतराचा रस्सा पाजा आणि एका गावची पुडी द्या, असं सगळे सांगतात. पुडी चालू असताना डॉक्टरच्या गोळ्या बंद ठेवायच्या म्हणे. काय करावं?
— एक वाचक, कंधार

उत्तर : गोळ्या बंद करायच्या नाहीत. रक्तदाबाची आणि रक्त पातळ ठेवायची गोळी दुसरा झटका टाळण्यासाठी असते, ती थांबवली की धोका लगेच वाढतो. पुडीत काय आहे हे देणारा सांगत नसेल, तर ती घ्यायची नाही.

कबुतरानं वाचा किंवा हात परत येत नाही. पण मला कबुतरापेक्षा रश्शाची भीती वाटते. लकव्यानंतर अनेकांचं गिळणं बिघडलेलं असतं आणि रस्सा, चहा, पाणी अशा पातळ गोष्टी श्वासनलिकेत उतरतात. मग छातीत जंतुसंसर्ग होतो. पाजणारे बहुधा उताणं झोपवून, चमच्यानं, मायेनं पाजतात. चुलत्यांना पिताना ठसका लागतो का, प्याल्यावर आवाज ओला, घरघरता होतो का, हे बघा. होत असेल तर गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडावाटे काही देऊ नका, तपासणी आजच करून घ्या. तोवर गोळ्या कशा द्यायच्या तेही डॉक्टरांनाच विचारा. नंतरही पाठ ताठ ठेवून बसवूनच भरवायचं, छोटा घास, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. आपली दाटसर आंबील अशा वेळी पाण्यापेक्षा बरी उतरते, पण किती दाट हे तपासणाऱ्यानं ठरवू द्या.

उठवताना लुळ्या हाताला धरून ओढू नका, खांदा निखळतो. आणि पुन्हा तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं बरळायला लागलं, तर पुडीवाल्याकडे नको, 108 ला फोन. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि कंधारहून नांदेड गाठायचं आहे. गोळ्यांची यादी आणि शेवटचं कधी नीट बोलले ती वेळ कागदावर लिहून बरोबर न्या. दवाखान्यात पहिल्यांदा तेच विचारतात.