माझ्या बिअर्डेड ड्रॅगनच्या पिल्लाने खाणं सोडलंय, नखरे करतोय का?

नाही. या सरड्याचं तीन महिन्यांचं पिल्लू नखरे करत नाही.

तुम्ही लिहिलंय की त्याला घरी आणून महिना झाला, सुरुवातीला रातकिड्यांवर तुटून पडायचा आणि आता पाच दिवस काही खात नाही. पुढे विचारलंय, उपाशी ठेवलं तर भूक लागून आपोआप खाईल का, की तोंड उघडून भरवू? दोन्ही करू नका. तोंड तर मुळीच उघडू नका. हाच सल्ला आमच्या घरात मोठ्या अधिकाराने दिला गेला होता आणि त्यापायी एक पिल्लू जायची वेळ आली होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

खडकू म्हणजे माझ्या पुतण्याचं असंच बिअर्डेड ड्रॅगनचं पिल्लू. माझ्या दादाकडे त्याआधी एक मोठा ड्रॅगन होता, चांगला म्हातारा होऊन गेला. त्यामुळे सरड्यांच्या बाबतीत घरात दादाचा शब्द शेवटचा. लेकाला पिल्लू आणून दिल्यावर त्याने जुन्या ड्रॅगनची काचेची पेटी काढली, तोच उष्णतेचा दिवा, तीच यूव्हीबीची (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी) नळी लावली, काचेवर तोच चिकटवायचा तापमापक. नळी लागली, छान पांढरा उजेड पडला, काम झालं. मी तेव्हा त्यांच्याकडेच राहत होते आणि पुतण्या शाळेत गेला की खडकूचं खाणंपिणं माझ्याकडे असायचं.

सुरुवातीला तो भरपूर खायचा. मग कमी झालं, मग जवळजवळ थांबलं. दादा म्हणाला, ‘नखरे करतोय. माझा तर थंडीत महिना महिना तोंड लावायचा नाही, काही झालं नाही त्याला. दोन दिवस काही देऊ नका, बरोबर खाईल.’ मला ते पटेना, कारण मी रोज समोर बसून बघत होते. रातकिडा पुढून गेला की खडकूची मान वळायची. अंग पुढे झुकायचं, डोळे किड्यावर खिळायचे, जीभ बाहेर यायची. किडा जिभेला चिकटून तोंडापर्यंतही यायचा. आणि जबडा मिटायच्या क्षणी तो किडा सोडून द्यायचा. थोड्या वेळाने पुन्हा तेच. ज्याला भूक नाही तो प्राणी मान वळवत नाही. याला भूक होती, खाता येत नव्हतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत, हे मी दादाला सांगत राहिले. तो म्हणायचा, तू कधी सरडा पाळलायस का?

मग एका दुपारी पुढच्या पायाची बोटं थरथरताना दिसली. तो निवांत पडलेला, शरीर स्थिर, आणि फक्त बोटं हलत होती. दादाने तेही झटकून टाकलं आणि संध्याकाळी कार्डाच्या कडेने तोंड उघडून सिरिंजने भरवायला बसला. मी त्याच्या हातातून पिल्लू काढून घेतलं. खूप भांडण झालं, पुतण्या रडायला लागला. दुसऱ्या दिवशी त्याला आणि खडकूला घेऊन मी सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो खाण्याबद्दल नव्हता. ‘यूव्हीबी नळी कधी बसवली?’ कोणालाच सांगता येईना. त्यांनी खालच्या जबड्याला बोटाने अगदी हलका दाब दिला, तर तो वाकला. हाड वाकलं. एक्स-रेमध्ये हाडं इतकी फिकट होती की शेजारच्या मांसातून ती शोधावी लागत होती. मेटाबॉलिक बोन डिसीज, म्हणजे कॅल्शियम न मिळाल्याने हाडं मऊ होण्याचा आजार. ते म्हणाले, काल तोंड जोर लावून उघडलं असतं तर जबडा मोडला असता.

यूव्हीबी नळी जुनी झाली तरी उजेड देत राहते. डोळ्याला दिसणारा प्रकाश तसाच असतो, पण २९० ते ३१५ नॅनोमीटरमधले जे किरण पिल्लाला हवे असतात ते कमी कमी होत जातात आणि डोळ्याला त्यातलं काही कळत नाही. त्या किरणांनी त्वचेत ड जीवनसत्त्व तयार व्हायला सुरुवात होते, पुढचं काम अंगातल्या उष्णतेवर चालतं, मग यकृत आणि मूत्रपिंडातून ते वापरण्याजोगं होतं. ते नसेल तर आतडं खाण्यातलं कॅल्शियम नीट शोषतच नाही. मग शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवायला हाडातून काढून घेतं. म्हणून कॅल्शियमची पावडर कितीही भुरभुरवली तरी नळी मेलेली असेल तर उपयोग नाही. आणि कॅल्शियम कमी पडलं की नुसती हाडं मऊ होत नाहीत, स्नायू थरथरतात, आतडी मंदावतात, शी अडते आणि भूक खरोखरच जाते. खडकूला आम्ही मधल्या टप्प्यावर डॉक्टरांकडे नेलं, जिथे भूक शिल्लक होती आणि चावताना दुखत होतं.

दादाच्या मोठ्या ड्रॅगनला त्याच नळीखाली काही झालं नाही, हा त्याचा मुख्य मुद्दा होता. अजूनही आहे. पण मोठा प्राणी वाढून झालेला असतो. त्याच्या अंगात चरबी असते, हाडं भरलेली असतात, थंडीत मंदावून तो आठवडेच्या आठवडे न खाता काढू शकतो. पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा शेपटीसकट जेमतेम १० सेंटीमीटर आणि २-३ ग्रॅमचं असतं, आणि वर्षभरात त्याला जवळजवळ पूर्ण लांबी गाठायची असते. त्या वाढीला लागणारं हाड कुठून येणार? पहिल्या वर्षात थंडीची झोप म्हणून खाणं बंद ठेवायचं नसतं. मोठा ड्रॅगन दहा वर्षं सांभाळला म्हणून पिल्लू कळतं असं नाही, हे मी तेव्हाही म्हणाले आणि आताही म्हणते. अनुभवी माणसाला विचारायचंच असेल तर आधी हे विचारा की त्याने पिल्लं वाढवली आहेत का.

आता तुमच्याकडे वळते. आज खाऊ घालायचा प्रयत्न सोडा आणि मोजायला लागा. नळी किती जुनी आहे? टी-५ प्रकारची (बारीक) चांगली नळी साधारण वर्षभर धरावी, जुन्या जाड टी-८ नळ्या आणि गोल पिळाचे बल्ब सहा महिने. पिळाचे बल्ब मला मुळीच पसंत नाहीत, पेटीच्या एका कोपऱ्यापलीकडे त्यांचे किरण पोचत नाहीत. नळी आणि पिल्लू यांच्यामध्ये काच किंवा प्लास्टिक असेल तर किरण जवळजवळ शून्य. बारीक जाळीसुद्धा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त अडवू शकते. दिवसा खिडकीत ठेवतो, ऊन मिळतं, असं कोणी सांगितलं तर खिडकीची काच बंद असते का ते विचारा. नळी कधी आणली ते आठवत नसेल तर ती जुनीच समजा आणि बदला.

तापमान काचेवर चिकटवलेल्या तबकडीवरून सांगू नका. ती काचेचं तापमान सांगते. तो जिथे शेकायला बसतो त्या दगडाच्या पृष्ठभागावर इन्फ्रारेड मापक रोखून बघा. पिल्लासाठी तिथे ४० ते ४३ अंश सेल्सिअस हवं आणि पेटीचं दुसरं टोक २५ ते २८ च्या आसपास, म्हणजे त्याला हवं तेव्हा बाजूला होता येईल. शेकायची जागा ३२-३३ वरच राहिली तर खाल्लेलं पचत नाही, आणि न पचलेलं पोटात असताना पिल्लू पुढचं खात नाही. पुष्कळ ‘भूक गेली’ तक्रारी इथेच संपतात.

किड्याचा आकार त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. आणि न खाल्लेले रातकिडे रात्री पेटीत सोडून देऊ नका. ते झोपलेल्या पिल्लाला चावतात, मग त्याला त्यांची भीती बसते. पेटीत दुसरं पिल्लू असेल तर आजच वेगळं करा. विक्रेते सांगतात लहानपणी एकत्र राहतात. मोठं पिल्लू शेकायची जागा अडवतं आणि लहान पिल्लू खाणं सोडतं, बोटं आणि शेपटीची टोकं चावली जातात ती वेगळीच. एकत्र ठेवण्यात पिल्लांचा फायदा काही नाही, जागा वाचते ती माणसाची.

खडकूचं पुढे काय झालं ते सांगते. डॉक्टरांनी कॅल्शियमचं द्रव औषध दिलं, ते ओठाच्या कडेला थेंबथेंब लावायचं, तो स्वतः चाटायचा. नवी नळी आली. रातकिडे बंद, मऊ अळ्या चिमट्याने समोर धरायच्या. चाटणं, मग धरणं, मग चावणं, असं हळूहळू परत आलं. जबडा एका बाजूला किंचित आखूड राहिला तो राहिलाच, पण आता तो ऐटीत खातो. दादाचं म्हणणं अजून हेच की जागा बदलल्यामुळे झालं होतं आणि आपोआप बरा झाला असता. मऊ झालेलं हाड आपोआप घट्ट होत नाही.

जागा बदलल्यामुळे खाणं कमी होतं हे खोटं नाही, तेही सांगायला हवं. नव्या घरात पहिला आठवडा, कधी दोन आठवडे पिल्लू कमी खातं. पण तुमचं महिनाभर राहिलंय आणि आधी खात होतं. कात टाकतानाही एक-दोन दिवस भूक मंदावते, अंग फिकट पांढुरकं दिसतं का बघा. आणि तुमच्या पिल्लाला खडकूचाच आजार असेल असंही नाही. शी पातळ आणि फार उग्र वासाची असेल तर कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) किंवा कृमी असण्याची शक्यता जास्त, ते फक्त ताज्या शीच्या तपासणीत कळतं. त्याची औषधं अंदाजाने देऊ नका, एवढ्याशा वजनाला मात्रा चुकायला वेळ लागत नाही. वाळूवर ठेवला असेल आणि मागचे पाय ओढत असेल तर पोटात वाळू अडकलेली असू शकते. काही पिल्लांना अॅडेनोव्हायरस असतो, त्यावर औषध नाही, पण चाचणी आहे.

ग्रॅममध्ये वजन दाखवणारा काटा घ्या आणि रोज एकाच वेळी वजन लिहा. वजनाचा दहावा भाग गेला, डोळे खोल गेले, बोटं थरथरली किंवा दाढी (गळ्याखालची काटेरी कातडी) दिवसभर काळी राहिली तर वाट बघू नका. खरं तर इतक्या लहान पिल्लाने पाच दिवस काहीच खाल्लं नसेल तर तेवढंच कारण डॉक्टरकडे जायला पुरेसं आहे. जाताना ताजी शी, नळीवरचं लेबल दिसेल असा पेटीचा फोटो आणि तो किड्यासमोर असताना नेमकं काय करतो याचा व्हिडिओ घेऊन जा. व्हिडिओ जवळून घ्या, जबडा दिसला पाहिजे.