पान ९ ते २०

फोंडा, वसुबारस

प्रिय बाय,

तुझ्या कॉमिकची ४८ पानं मिळाली त्याच रात्री वाचून झाली. नुसत्या पेन्सिलीचं काम आहे म्हणून भीत भीत पाठवतेय, असं तू लिहिलंयस. भिऊ नकोस. बांधावरच्या चिखलातली पावलं तू काढलीस तशी तुझ्या वयात मला जमत नव्हती. उत्तराला आठवडा लागला तो तुझ्या खलनायकाबद्दलच्या, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार सांभाळणाऱ्या मानशेकाराबद्दलच्या, प्रश्नामुळे. ‘सर, मानशेकार असा का झाला हे सांगावंच लागेल ना?’ असं विचारतेस आणि माझ्या उत्तराची वाट न बघता पान ९ ते २० मध्ये सांगूनही टाकतेस!

ती बारा पानं काढ, असं मी म्हणणार आहे. पण खलनायकाला पूर्वकथा नसावी असा नियम मला माहीत नाही. कुणी तसा सांगितला तर ऐकू नकोस.

बॅटमनचा शत्रू जोकर, त्याचंच घे, कारण तुझ्या वयाचं कुणीही त्याच्यापासूनच सुरुवात करतं. १९४० साली बॅटमनच्या पहिल्या अंकात तो आला तेव्हा त्याला नाव नव्हतं, गाव नव्हतं. अकरा वर्षांनी, १९५१ मध्ये, सांगितलं गेलं की लाल टोपडं घातलेला एक चोर रसायनांच्या पाण्यातून पोहत पळाला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. १९८८ मध्ये अॅलन मूर आणि ब्रायन बोलंड यांनी त्याला फसलेला विनोदी नट केलं, गरोदर बायको दिली, आणि लगेच त्याच्याच तोंडून वदवून घेतलं की आपला भूतकाळ कधी असा आठवतो, कधी तसा. २००८ च्या सिनेमात तो तोंडावरच्या व्रणांची गोष्ट दोनदा सांगतो, एकदा बापाची, एकदा बायकोची. दोन्ही खोट्या असाव्यात. निदान एक तरी खोटी आहेच, आणि ऐकणाऱ्याचा जीव तेवढ्यानेच गोळा होतो. त्याउलट १९८९ च्या सिनेमात त्यालाच ब्रूसच्या, म्हणजे बॅटमनच्या, आईबापांचा खुनी केलं. मला ते कधी पटलं नाही. बॅटमनचं एवढं मोठं गोथम शहर, पण जणू आमचा वाडा. ज्याच्याशी भांडण तो नेमका शेजारीच निघायचा.

म्हणजे जोकरला पूर्वकथा दिली की तो लहान होतो. पण हे जोकरपुरतं. बॅटमनचाच दुसरा शत्रू मिस्टर फ्रीझ १९५९ मध्ये आला तो बर्फाची बंदूक घेतलेला एक किरकोळ दरोडेखोर म्हणून, तेव्हा त्याचं नावही मिस्टर झीरो. १९९२ च्या कार्टून मालिकेत पॉल डिनी यांनी त्याला नोरा दिली, आजारी, गोठवून ठेवलेली बायको. त्या एका भागानंतर त्याच्या बंदुकीकडे कुणी पूर्वीसारखं बघू शकलं नाही. पुढे २०१२ मध्ये कॉमिक्समध्ये ठरवलं गेलं की नोरा त्याची बायको नव्हतीच, तो त्याचा भ्रम होता. हुशारीची गोष्ट आहे, पण मला ती खिशातले पैसे काढून घेतल्यासारखी वाटली.

मग ठरवायचं कसं? मी एक्स-मेन या नायकांच्या शत्रूकडे, मॅग्नेटोकडे, बघून ठरवतो. तो १९६३ चा, एक्स-मेनच्या पहिल्याच अंकातला. कितीतरी वर्षं तो नुसता गर्जना करणारा माणूस होता. जग जिंकायचंय, का ते विचारू नका. १९८१ मध्ये, मालिकेच्या १५० व्या अंकात, लढाईच्या भरात तो एक्स-मेनमधल्या किटी प्राइडवर वार करतो. ती कोसळते आणि त्याला दिसतं की ही पोर आहे. मेली असंच त्याला वाटतं. तिथे त्याला आपलं बालपण आठवतं, ऑश्विट्झची नाझी छळछावणी आठवते, आणि तो लढाई टाकून देतो. लेखक ख्रिस क्लेअरमाँट यांनी ती आठवण पहिल्या पानावर ठेवली असती तर ती नुसती माहिती झाली असती. ती आली वार करून झाल्यावर, हात थांबतो तिथे. कुणाचा तरी हात थांबणार असेल तर पूर्वकथा सांगावी आणि तिथेच सांगावी. एरवी ती आपल्या वहीत राहू द्यावी.

ही अक्कल मला पुस्तकातून आलेली नाही. जत्रेच्या नाटकासाठी मी एकदा कंसवध लिहिला होता. हरिवंशात कंस उग्रसेनाचा मुलगाच नाही, उग्रसेनाचं रूप घेऊन आलेल्या द्रुमिल दानवाचा आहे. हे वाचून मी इतका हरखलो की कंसाला त्यावर दहा-बारा मिनिटांचं स्वगत दिलं. नट चांगला होता, मनापासून रडला. अर्धं गाव खाजं घ्यायला उठून गेलं. कृष्ण झालेला पोरगा विंगेत मुकुट सावरत उभा. नंतर मला म्हणाला, ‘सर, ताका मारूंक म्हज्यान जायना आशिल्लें, लोक परत येयसर रावपाचें पडलें.’ म्हणजे लोक परत येईपर्यंत त्याला मारता येईना, थांबावं लागलं. त्याने थट्टाच केली, पण मला ते लागलं. स्वगताने कृष्णाचं काहीच बदललं नव्हतं. तो आधीही मारणार होता, नंतरही मारणारच होता.

उलट टोकाचं उदाहरण माझ्या आजोळचं, पेडण्याकडचं. दशावतारात सुरुवातीलाच संकासुर येतो, अंगभर काळा कपडा, तोंडातून लोंबणारी लाल जीभ, वेद पळवणारा. आणि तो बोलतो गावच्या बोलीत, सगळ्यांची टर उडवत. मी हसत होतो आणि आजोबांचं धोतरही घट्ट धरून होतो. ‘हो खंयच्यान आयलो?’ मी विचारलं. आजोबा म्हणाले, ‘पडद्याफाटल्यान.’ पडद्यामागून. मला ते तेव्हा पुरलं. जोकरला अजून कुणी याहून चांगलं उत्तर दिलेलं नाही.

आणि तू नाही सांगितलंस तर वाचक काही गप्प बसत नाही. शकुनीचे फासे बापाच्या हाडांचे होते, ही गोष्ट तुला घरी कुणीतरी सांगितली असेलच. व्यासांच्या महाभारतात ती नाही. माणूस उगीच एवढा वाईट असेल हे लोकांना पटेना, म्हणून मागाहून जोडली. अशा जागा लोकांसाठी मोकळ्या ठेवाव्यात.

आता तुझा मानशेकार. रात्री भरतीच्या वेळी मानस, म्हणजे बांधातलं फळ्यांचं दार, उघडी ठेवून खाजनात, बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या शेतात, खारं पाणी सोडणारा माणूस! असा खलनायक आपल्या मातीतूनच येऊ शकतो आणि तो तुला सुचला, याचं मला कौतुक आहे. एकदा शेतात खारं पाणी शिरलं की ते धुऊन जायला पावसाळे लागतात. कोरगूट भात क्षार सोसणारं, तरी त्यालाही मर्यादा आहे. असा माणूस भीतिदायक आहेच. पण तू बारा पानं खर्च करून सांगतेस की बांध फुटला तेव्हा गावाने दोष त्याच्या बापाला दिला. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण पान ४३ वर तुझी नायिका पहार घेऊन त्याच्यासमोर उभी राहते तेव्हा तिला यातलं काहीच ठाऊक नसतं. आपल्याला ठाऊक आहे, तिला नाही. तिची पहार कंसवधातल्या कृष्णासारखीच खाली येते.

दुसरं असं की ती मानस तो उघडी ठेवतो कशी, हे तू दाखवलेलंच नाहीस. भरतीचं पाणी बाहेरून दाबतं आणि फळ्या आपोआप मिटतात. ओहोटीला आतलं पाणी त्या ढकलून बाहेर जातं. म्हणजे भरतीच्या विरुद्ध त्या अडवून धरायला माणसाला नेमकं ठाऊक हवं की पाचर कुठे मारायची आणि कधी. एवढं कोण जाणेल? लहानपणी बापाच्या शेजारी बसून फळ्या बदलताना ज्याने बघितलंय तोच. तुझी बारा पानं इथे एका चौकटीत मावतात. त्याचा हात अंधारात न चाचपता बरोबर जागेवर जातो, आणि तुझी नायिका ते बघते. तिच्या आजोबांचा हातही तसाच जात असेल तर? पहारीचं पुढे काय करायचं ते तू ठरव, मी सांगणार नाही.

खाली मुलं नरकासुर बांधताहेत, बांबूचा सांगाडा झाला, गवत भरणं चाललंय. तो भूमीचा मुलगा, हे त्यांतल्या एकालाही माहीत नसेल आणि त्याने काही अडत नाही. चतुर्दशीच्या पहाटे तो जळायचाच. मात्र काही कथांत सत्यभामा ही भूमीचाच अवतार आहे आणि त्याला मारते ती. तिथे तो कुणाचा मुलगा हे माहीत असल्याशिवाय गोष्ट कळतच नाही. या दोन नरकासुरांतला तुझा मानशेकार कोणता, एवढं मला पुढच्या पत्रात कळव.

त्याआधी एक काम कर. दिवाळी झाली की फेरीबोटीने दिवाडी बेटावर जा, भरतीची वेळ बघून, आणि एखाद्या मानशीपाशी तासभर बस. फळ्या मिटताना आवाज कसा होतो तो ऐक, फोटो काढू नकोस, चित्र काढ. शेवाळावरून पाय सटकतो, चपला काढून जा.

तुझे सर