कोको बटर, टाचांच्या भेगा आणि भुसावळचा मे महिना

या खेपेच्या पत्रांत कोको बटर, म्हणजे चॉकलेटच्या कोको बियांतून काढलेली घट्ट चरबी, इतक्यांदा आलं, की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलावे लागले. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेली लेकरं दिवाळीला घरी येताना पिवळट वड्या आणि डब्या घेऊन आलेली दिसतात. त्या वापरायच्या कशा, हे सांगायला मात्र कुणी थांबलेलं दिसत नाही. मी त्वचेची डॉक्टर नाही. धुळ्याला फार्मसीच्या मुलांना औषधं बनवायला शिकवण्यात माझी नोकरी गेली, तेव्हा उत्तरं त्याच अंगाने देते.

प्रश्न : ताई, राम राम. घरची केळी आणि कपाशी आहे. हरभऱ्याला रात्रीची लाईट असली की पाणी भरायला मीही जाते. थंडी सुरू झाली की टाचा फुटतात, कधीकधी रक्त येतं. मुलीने पुण्याहून कोको बटरची वडी आणली आहे. दगडासारखी टणक आहे, चोळली तर अंगाला लागत नाही. सासूबाई म्हणतात, गोडेतेल लाव, नखरे कशाला? काय करू? (एक वाचक, यावल तालुका)

उत्तर : आधी तुमच्या टाचांचं बघू, मग वडीचं. रात्रभर पाय गार चिखलात भिजतात आणि सकाळी कोरड्या वाऱ्यात वाळतात. असं भिजणं-वाळणं चाललं की कातडीच्या वरच्या थरातलं स्वतःचं तेल निघून जातं. त्या थरातल्या पेशींच्या मधल्या फटींत चरबीचा लेप असतो, तोच आतलं पाणी धरून ठेवतो. लेप गेला की पाणी उडतं, कातडी ताठरते आणि चालताना अंगाचा भार पडला की टाच फाटते. त्यात बोअरचं जड पाणी आणि कपड्यांच्या साबणाने धुतलेले पाय, म्हणजे उरलंसुरलंही गेलं.

कोको बटर पाणी देत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. त्यात पाण्याचा थेंबही नसतो. ते पातेल्यावरच्या झाकणासारखं काम करतं : आत जे आहे ते उडू देत नाही. त्यामुळे कोरड्या ठाक टाचेला ते चोळून उपयोग नाही. आधी टाच ओली हवी.

रात्री निजायच्या आधी पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा. पाणी कढत नको. वजरी हलक्या हाताने फिरवा आणि भेगेच्या कडेची निबर कातडीच तेवढी घासा. रक्त येतं तिथे वजरी लावूच नका. पाय टिपून घ्या, पण पूर्ण कोरडे करू नका. मग वडीचा हरभऱ्याएवढा तुकडा नखाने किंवा सुरीने काढा आणि दोन्ही तळहातांत दाबून धरा. कोको बटर साधारण ३४ ते ३८ अंशांना वितळतं आणि आपलं अंग ३७ अंशांच्या आसपास असतं. म्हणून ते थंडीत दगड असतं आणि तळहातात पाणी होतं. टाचेवर थेट घासू नका. थंडीत तुमची टाच तेवढी गरमच नसते, मग ते लागणार कसं? हातात वितळलेलं टाचेला, भेगांच्या आतपर्यंत लावा आणि वरून जुने सुती मोजे घाला. मोजे नसले तर चादर खराब होईल, हे आधीच सांगते.

सासूबाईंचं गोडेतेल वाईट नाही. शेंगदाणा तेल पातळ असतं, पसरतं छान, पण अंथरुणाला पुसून जातं. कोको बटरमध्ये स्टिअरिक आणि पामिटिक ही चरबीतली घट्ट जातीची आम्लं भरपूर, म्हणून गार झालं की ते घट्ट होऊन जागेवर राहतं. ओलेइक हे पातळ जातीचं आम्लही त्यात जवळपास तिसरा हिस्सा आहे, म्हणून कातडी मऊही पडते. टाचांसाठी मी तुमच्या मुलीच्या बाजूने आहे. मात्र वडी संपली म्हणून दुसरी मागवायची गरज नाही. साधी पेट्रोलियम जेली झाकण घालण्यात कोको बटरपेक्षा सरस आहे आणि स्वस्तही. नैसर्गिक नाही म्हणून तिला नाकं मुरडणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

टाच फारच जाड झाली असेल, तर औषधाच्या दुकानात युरिया असलेलं मलम मिळतं, ते निबर थर मऊ करतं. हे वाचून गोठ्यातल्या गोणीकडे बघू नका! शेतातला युरिया वेगळा, तो पायाला लावायचा नाही. आणि घरात कुणाला साखरेचा आजार असेल, भेग खोल असेल, सूज किंवा पू असेल, तर हे भिजवणं-घासणं काही करू नका. सरळ डॉक्टरांना पाय दाखवा.

प्रश्न : बाई, मी भुसावळला राहतो. बायकोसाठी कोको बटरची डबी आणली होती. मे महिन्यात कपाटातच तिचं तेल झालं. नंतर घट्ट झाली, पण आता रव्यासारखी खरखरीत लागते. खराब झाली का? दुकानदार म्हणतो, भेसळ असणार. (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : भेसळ नाही हो, हा भुसावळचा उन्हाळा आहे. बाहेर पारा ४५ च्या घरात गेला की पत्र्याखालचं कपाट ३८ च्या खाली कसं राहील? तिथे कोको बटर वितळलंच पाहिजे. उलट मे महिन्यात पत्र्याखालीही टणक राहिली असती, तर मला शंका आली असती.

खरखरीचं कारण स्फटिकांत आहे. कोको बटर एकाच पद्धतीने गोठत नाही. त्याचे स्फटिक सहा प्रकारांनी बनतात आणि प्रत्येक प्रकार वेगळ्या तापमानाला वितळतो. हळूहळू गार झालं की मोठे-मोठे कण तयार होतात, तोच तुमचा रवा. कातडीला त्याने काही होत नाही, बोटाखाली विरघळतो.

फार्मसीच्या पुस्तकात हेच कोको बटर ‘थिओब्रोमा ऑइल’ या नावाने आहे. गुदद्वारात ठेवायची औषधी वडी, म्हणजे सपोझिटरी, त्याची करतात. बाहेर घट्ट आणि शरीरात गेली की वितळते, म्हणून. प्रयोगशाळेत मुलांना बजावून सांगावं लागे, की पाण्याच्या भांड्यावर ठेवा आणि मलईसारखं झालं की उतरवा, काचेसारखं स्वच्छ होऊ देऊ नका. कारण जास्त तापलं की घट्ट होण्याची जी बीजं त्यात असतात, तीच विरघळून जातात. मग ते नेहमीपेक्षा खूप खालच्या तापमानाला गोठतं आणि खोलीच्या उबेने परत ढिलं पडतं. एप्रिलमध्ये प्रात्यक्षिक परीक्षा असली की धुळ्याच्या उन्हात हमखास हेच व्हायचं. घाईत कुणीतरी बर्नर मोठा करायचं, साच्यात ओतलेल्या वड्या पातळच राहायच्या, आणि परीक्षक यायच्या आत शिपाई बर्फ आणायला सायकलवर पळायचा.

तुम्ही डबी गरम पाण्यात ठेवून पूर्ण वितळू द्या, लगेच फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा. पटकन गार झाली की कण बारीक राहतात आणि लोण्यासारखी गुळगुळीत होते. सुरुवातीला जरा मऊ वाटेल, काही दिवसांत आपोआप घट्ट होते. डबीत ओलं बोट घालू नका. पाणी शिरलं नाही तर कोको बटर बरंच टिकतं. खवट वास आला की मात्र टाकून द्या.

प्रश्न : सूनबाईला सातवा महिना लागलाय. पोटावर चरे पडू नयेत म्हणून मी महागाचं कोको बटर क्रीम आणलं. ती रोज लावते, तरी लाल रेषा दिसू लागल्यात. कमी लावते म्हणून का? (एक सासूबाई, धुळे)

उत्तर : नाही, तिच्यावर रागावू नका. चरे वरच्या कातडीत पडत नाहीत. कातडीचा आतला थर ताणला जाऊन तिथले धागे तुटतात, आणि वरून लावलेली चरबी तिथवर पोचून ते धागे जोडत नाही. हे माझं मत नाही, तपासून पाहिलेलं आहे. लेबनॉनमध्ये गरोदर बायकांच्या एका गटाला कोको बटर असलेलं क्रीम आणि दुसऱ्या गटाला तसंच दिसणारं, पण कोको बटर नसलेलं क्रीम दिलं. २००८ साली निकाल छापून आला : चरे पडण्यात फरक नाही. पुढे २०१० मध्ये जमैकातला असाच अभ्यास प्रसिद्ध झाला, निकाल तोच. चरे पडणं हे बरंचसं घराण्यावर, वयावर आणि वजन किती झपाट्याने वाढतं यावर असतं. तिच्या आईला आणि तुम्हाला होते का, ते आठवून बघा.

पोट ताणलं की खाज सुटते. त्यासाठी क्रीम लावायला हरकत नाही, अंघोळीनंतर लगेच, हलक्या हाताने. लाल रेषा बाळंतपणानंतर हळूहळू फिक्या पडतात. पण रात्री तळहात-तळपाय खाजून झोप येईनाशी झाली, तर क्रीम शोधत बसू नका, डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा. कधीकधी त्यामागे यकृताची तक्रार असते आणि ती बाळासाठी महत्त्वाची असते. ओटीभरणाच्या गडबडीत हे राहून जाऊ देऊ नका.

प्रश्न : मी कॉलेजला आहे. चेहरा उजळावा म्हणून रोज रात्री कोको बटर लावते. मैत्रीण म्हणते गुण येतो, मला उलट पुटकुळ्या येतायत. (शहादा)

उत्तर : बंद कर. कोको बटरने रंग उजळत नाही आणि तुझा रंग बिघडलेलाही नाही. तेलकट चेहऱ्यावर ते रंध्रं बुजवतं, मग पुटकुळ्या येणारच. गुडघे, कोपर, ओठ, तिथे खुशाल लाव. पुटकुळ्या फोडू नकोस, डाग त्यांचेच राहतात.

प्रश्न : बाटलीवर मोठ्या अक्षरांत ‘कोको बटर’ लिहिलंय, आत पांढरं पातळ लोशन आहे. हे खरं कोको बटर का? (जळगाव)

उत्तर : बाटली उलटी करून मागची यादी वाचा. जे सगळ्यांत जास्त, ते आधी लिहायचं, असा नियम आहे. तुमच्या बाटलीत पहिलं पाणी असणार, मग ग्लिसरीन, मग एखादं खनिज तेल, आणि ‘थिओब्रोमा ककाओ सीड बटर’, म्हणजे खरं कोको बटर, बरंच खाली, सुगंधाच्या शेजारी. म्हणजे नावापुरतं. पण लोशन म्हणून ते टाकाऊ नाही! ग्लिसरीन पाणी धरतं, तेल झाकण घालतं. रोज अख्ख्या अंगाला लावायला वडीपेक्षा हेच सोयीचं. फक्त नावाचे जास्तीचे पैसे मोजू नका. जळगावात सोनं घेताना आपण हॉलमार्क बघतो ना, इथे ही यादी बघायची.

प्रश्न : आपल्याकडे कोकोची झाडं नाहीत. मग आपल्या मातीतलं असं काही नाही का? (एक शिक्षक, अक्कलकुवा)

उत्तर : गुरुजी, कोको भारतातही होतो, पण तो केरळ, कर्नाटक, आंध्र, तामिळनाडूकडे, नारळ-सुपारीच्या सावलीत. आपलं ऊन त्याला सोसणार नाही. बी आंबवून, वाळवून, भाजून दळायची आणि दाबून चरबी काढायची. हॉलंडमधल्या व्हॅन हाउटेन यांनी १८२८ मध्ये त्या दाबयंत्राचं पेटंट घेतलं, तेव्हापासून कोकोची पूड आणि हे लोणी वेगळं मिळू लागलं. बीमध्ये जवळपास निम्मी चरबीच असते.

आपल्या राज्यात याचं सख्खं भावंड कोकणात आहे : कोकमच्या बियांचं तेल. पांढरे गोळे मिळतात, वितळवून भेगांत भरायची तिकडे जुनी चाल आहे. ते कोको बटरपेक्षा थोड्या जास्त उष्णतेला वितळतं, म्हणून उन्हाळ्यात जरा बरं टिकतं. आमसूल आपल्याकडे घरोघर येतं, हा गोळा मात्र कुणी आणत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे कुणी निघालं तर सांगून ठेवा. दोघांचं नातं किती जवळचं, ते चॉकलेटवाल्यांना विचारा. युरोपच्या नियमांनी चॉकलेटमध्ये कोको बटरशिवाय ज्या सहा चरबी ५ टक्क्यांपर्यंत चालतात, त्यांत आपलं कोकम आहे, सालबीज आहे आणि आंब्याची कोयसुद्धा आहे. आपण दर उन्हाळ्यात उकिरड्यावर टाकतो ती कोय!

आणि तुम्ही तर सातपुड्यातच आहात. मोहाच्या बियांचं तेल तुमच्या पाड्यांवर आजही निघत असेल. ते कोको बटरइतकं कडक नसतं, थंडीत तुपासारखं थिजतं. हातापायांना चांगलं आहे. वास उग्र असतो, पण सवयीने चालतो. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस बघा. घाण्यावरून आणलेलं ताजं घ्या, आणि शाळेतल्या पोरांच्या फुटलेल्या गालांना लावायचं असेल तर नुसता ओला हात फिरवून त्यावर अगदी पातळ लावा.

प्रश्न : नातू कोको बटरची वडी चॉकलेट समजून चाटतो. काही होईल का? (एक आजी, चाळीसगाव)

उत्तर : खाण्याच्या दर्जाची असेल तर काही होत नाही, पांढरं चॉकलेट याच चरबीचं बनतं. त्यात साखर नसल्यामुळे त्याने तोंड वाकडं केलं असेलच. सुगंध घातलेली, अंगाला लावायची वडी असेल तर मात्र वरच्या फळीवर ठेवा, आणि फळी चुलीच्या बाजूची नको.