उलटं उडवलं की इंजिन का बंद पडतं? टाकी आणि आयडलिंगविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक प्रश्नांत एक वाक्य आहेच: ‘सुई सगळीकडे फिरवून पाहिली, फरक नाही.’ कसरतीच्या मॉडेल विमानात आयडलचा, म्हणजे इंजिन संथ चालवण्याचा, त्रास सुरू झाला की हात आधी कार्बोरेटरच्या, इंधनाचं प्रमाण ठरवणाऱ्या, सुईकडे जातो. माझा आग्रह असा की आधी टाकी बाहेर काढा. टाकी, नळ्या आणि मफलरचा दाब (मफलरमधून नळीने टाकीत येऊन इंधन ढकलणारा) नीट असल्याशिवाय सुईची कुठलीही सेटिंग दुसऱ्या दिवशी टिकत नाही.

प्रश्न: ०.४६ घनइंचाचं ग्लो इंजिन (मिथेनॉलवर चालणारं, प्लगच्या तापलेल्या तारेने पेटणारं) सिलिंडर खाली करून काउलमध्ये, म्हणजे नाकावरच्या कवचात, बसवलंय. जमिनीवर दोन मिनिटं आयडलला ठेवलं की गुदमरतं आणि थ्रॉटल दिला की अडखळतं. सरळ उडताना छान चालतं, पण उलटं केलं की आवाज चढत जातो आणि इंजिन बंद पडतं. हे दोन वेगळे बिघाड आहेत का?

बिघाड एकच आहे. तुमची टाकी उंचावर आहे.

सिलिंडर खाली केला की कार्बोरेटरही खाली जातो, टाकी मात्र जागची हलत नाही. मग जमिनीवर इंधन स्वतःच्या वजनानेच कार्बोरेटरकडे उतरतं. फुल थ्रॉटलला इंजिन भरपूर इंधन पितं, त्यामुळे हे जास्तीचं जाणवत नाही आणि तुम्ही नकळत सुई थोडी बंद करून हिशेब जुळवता. आयडलला इंधन लागतंच इतकं थोडं, की वरून येणारं थेंब थेंब साचत राहतं. यालाच तुम्ही गुदमरणं म्हणताय. विमान उलटं झालं की टाकी कार्बोरेटरच्या खाली जाते आणि आधीच बंद केलेल्या सुईतून पुरेसं इंधन येत नाही. मिश्रण लीन होतं, म्हणजे त्यात इंधन कमी पडतं, आवाज चढतो आणि इंजिन थांबतं.

लूपमध्ये हे आणखी वाढतं. ५ जीच्या, म्हणजे वजन पाचपट भासणाऱ्या, वळणात उंचीतला २० मिलिमीटरचा फरक १०० मिलिमीटरसारखा वागतो. म्हणून साध्या ट्रेनरमध्ये चालून जाणारी चूक कसरतीत लगेच उघडी पडते.

उंची डोळ्यांनी अंदाजे ठरवू नका. टाकी अर्धी भरा, विमान उड्डाणात असतं तसं सपाट ठेवा, कार्बोरेटरकडे जाणारी नळी काढून तिथे एक पारदर्शक नळी जोडा आणि तिचं मोकळं टोक इंजिनाच्या बाजूने वर धरा. मफलरकडून टाकीत येणारी नळीही मोकळी हवी. पारदर्शक नळीत इंधन जिथे थांबेल तीच टाकीतली पातळी. ती रेषा कार्बोरेटरच्या आत जिथून इंधन फवारलं जातं त्या भोकासमोर यायला हवी. ६ ते १० मिलिमीटर खाली असेल तरी चालतं, वर मात्र नको. निव्वळ कसरतीसाठी मी ती अगदी समोरासमोर ठेवतो, म्हणजे सरळ आणि उलटं दोन्हीकडे मिश्रण सारखं राहतं.

तुमच्या मॉडेलमध्ये बहुधा टाकीखालची फळी कापावी लागेल. फायरवॉलचं, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं त्या पुढच्या फळीचं, भोकही खाली न्यावं लागेल. उंच टाकीऐवजी चपटी टाकी घेतलीत तर दुहेरी फायदा: ती खाली बसते आणि भरलेल्या-रिकाम्या पातळीतला फरकही कमी होतो. इतकं करूनही जागा नसेल तर इंजिन आडवं बसवा, कार्बोरेटर वर येईल. मफलरचा दाब या सगळ्यात मदत करतो, पण चुकीच्या उंचीवर तो इलाज नाही.

तोवर एक करा. टाकी पूर्ण भरून विमान उभं ठेवताना कार्बोरेटरकडची नळी चिमट्याने बंद ठेवा आणि सुरू करायच्या क्षणी सोडा. नाहीतर सिलिंडरमध्ये इंधन साचेल, आणि अशा वेळी स्टार्टर जोराने लावला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

प्रश्न: इंधनाच्या नळीत सतत बारीक बुडबुडे दिसतात. आयडल वरखाली होतं. नळी बदलली, तरी तेच.

बुडबुडे दोन प्रकारचे असतात. दुधासारखा बारीक फेस असेल तर तो कंपनाचा. टाकी लाकडाला किंवा फायरवॉलला थेट टेकली असणार. तिच्याभोवती मऊ फोम गुंडाळा, पण कोंबून भरू नका, कारण दाबलेला फोम कंपन अडवत नाही. प्रोपेलर आणि स्पिनरचं बॅलन्सिंगही तपासा.

सुटे, ठसठशीत बुडबुडे ओळीने येत असतील तर कुठेतरी हवा आत ओढली जातेय. मी एकदा अख्खी सकाळ याच्यामागे घालवली. नळी नवी, फिल्टर नवा, तरी दर दोन-तीन सेकंदांनी एक बुडबुडा. शेवटी टाकी सोडवली, एक सोडून बाकी नळ्यांची तोंडं बंद केली, पाण्याच्या बादलीत बुडवली आणि त्या एका नळीतून हलकी फुंकर मारली. बुडबुडे बुचाजवळून आले. आतली पितळी नळी कापली होती, तिची कड घासायची राहिली होती, आणि त्या धारदार कडेने सिलिकॉनच्या नळीला केसाएवढी चीर पाडली होती. तेव्हापासून पितळी नळी कापली की कड बारीक पॉलिश कागदाने गोल केल्याशिवाय मी पुढे जात नाही. बुचाचा स्क्रू आणि फिल्टरचा सांधाही याच पद्धतीने तपासा.

प्रश्न: मागच्या आठवड्यात लँडिंगला विमान नाकावर आलं. फारसं काही तुटलं नाही, पण आता सरळ वर चढवलं की इंजिन बंद पडतं.

टाकीतली, इंधन ओढणाऱ्या नळीच्या टोकाची वजनदार गोळी, म्हणजे क्लंक, झटक्याने पुढे फेकली जाऊन नळीसकट दुमडली असेल. विमान सपाट असताना तिथेही इंधन असतं, म्हणून चालतं. नाक वर केलं की इंधन मागे जातं आणि क्लंक कोरडा पडतो. टाकी काढून हलवा. आत खुळखुळ आवाज येत नसेल तर क्लंक अडकलाय.

परत बसवताना आतली नळी मऊ घ्या आणि लांबी अशी ठेवा की क्लंक मागच्या भिंतीपासून ५-६ मिलिमीटर अलीकडे राहील आणि टाकी कशीही फिरवली तरी खाली पडेल. भिंतीला घासणारा क्लंक उलट्या उड्डाणात वरच अडकून बसतो.

प्रश्न: टाकी नीट आहे, गळती नाही. आता आयडलची सुई नक्की कशी लावायची?

आधी मुख्य सुई. फुल थ्रॉटलला सर्वांत जास्त आरपीएम मिळेल तिथून रिचकडे, म्हणजे जास्त इंधनाकडे, थोडं मागे या, साधारण २०० ते ३०० आरपीएम कमी होतील इतकं. मग मदतनिसाला विमान घट्ट धरून नाक आकाशाकडे करायला सांगा. आवाज तसाच राहिला किंवा किंचित चढला तर ठीक. खाली आला तर अजून लीन आहे, सुई थोडी उघडा.

त्यानंतरच आयडल. इंजिन गरम झाल्यावर संथ चालू द्या आणि इंधनाची नळी बोटांनी दाबा. आरपीएम हलकेच वाढून तीन-चार सेकंदांत इंजिन थांबलं तर मिश्रण बरोबर आहे. लगेच मेलं तर लीन. बराच वेळ चालत आवाज खूप चढला तर रिच. सुई एका वेळी पाव फेऱ्याच्याही निम्मी फिरवा आणि प्रत्येक बदलानंतर फुल थ्रॉटल देऊन इंजिन साफ करा. इथे घाई केली की काहीच कळत नाही.

एक गोंधळ नेहमी होतो. दोन सुया असलेल्या कार्बोरेटरमध्ये आयडलची सुई आत घातली की इंधन कमी होतं. एअर-ब्लीड कार्बोरेटरमध्ये, ज्याच्या पुढच्या बाजूला हवेचं छोटं भोक दिसतं, स्क्रू आत घातला की हवा कमी होते, म्हणजे मिश्रण रिच होतं. आपला कार्बोरेटर कुठला, हे आधी बघा.

हे सगळं प्रोपेलरच्या मागे उभं राहून करा. बाही सैल नको. आणि मिथेनॉलची ज्वाला उन्हात जवळजवळ दिसत नाही, हे विसरू नका.

प्रश्न: बंद पडू नये म्हणून आयडल ट्रिम (रिमोटवरचं आयडलचा वेग बारीक बदलायचं बटण) वर ठेवतो. चालेल ना?

नको. विमान लँडिंगला तरंगत राहतं, आणि खाली येणाऱ्या उभ्या रेषेत वेग आवरत नाही. या आकाराच्या ग्लो इंजिनाने २,००० ते २,५०० आरपीएमला निवांत चालायला हवं. तसं होत नसेल आणि टाकी व सुई तपासून झाल्या असतील तर ग्लो प्लग बदलून बघा. जुन्या प्लगची तार काळवंडलेली किंवा वाकडी झालेली असते. थोडा मोठ्या व्यासाचा आणि कमी पिचचा, म्हणजे पाती कमी तिरपी असलेला, प्रोपेलरही फ्लायव्हीलसारखं काम करून आयडल सावरतो.

प्रश्न: आता पेट्रोल इंजिन घेतोय. जुनीच टाकी वापरू का?

टाकी चालेल, पण नळ्या आणि बूच बदला. सिलिकॉनची नळी पेट्रोलमध्ये फुगते आणि मऊ पडून निसटते. ग्लोच्या बुचाचं रबरही पेट्रोल सहन करत नाही. पेट्रोलसाठीचीच नळी घ्या, आतल्या क्लंकसकट, आणि प्रत्येक सांध्याला बारीक तारेचा वेढा द्या.

उंचीची चिंता मात्र बरीच कमी होते. पेट्रोल इंजिनाच्या डायफ्रॅमच्या (लवचीक पडद्याच्या) कार्बोरेटरला स्वतःचा पंप असतो, तो मागून इंधन खेचून घेतो. टाकी विमानाच्या गुरुत्वमध्यावर ठेवा, म्हणजे इंधन संपत आलं तरी विमानाचा तोल बदलत नाही. मफलरचा दाब इथे जोडायचा नाही, हवेची नळी विमानाबाहेर मोकळी सोडायची.