इराण नको, ती खोली कर

प्रिय मुली,

तुझ्या डायोरामाचे, म्हणजे खोक्यात मांडलेल्या चिमुकल्या देखाव्याचे, फोटो मिळाले, चिठ्ठीही वाचली. दीड फुटांच्या खोक्यात निळा घुमट, बादगीर म्हणजे वाऱ्याचा मनोरा, रंगीत काचांची खिडकी, नवरोजच्या हफ्त-सीनची मांडणी, चहाचं पाणी उकळायचा समोवार, हाफिजच्या कवितांचा दिवान आणि कोपऱ्यात एक उंट. त्याला लागून इराणी हॉटेलातली वाकवलेल्या लाकडाची काळी खुर्ची. आणि खाली तुझा प्रश्न: 'आजीनं पाहिलं, छान आहे म्हणाली आणि टीव्ही लावला. माझं काय चुकलं?'

हाताचं काही चुकलेलं नाही. त्या खोक्यात आजीचं काही नाही, एवढंच. घुमट पर्यटनाच्या पोस्टरवरचा. खिडकी काशानच्या कुणा धनिक व्यापाऱ्याच्या हवेलीतली. खुर्ची मुंबईची, तीही मुळात युरोपातून आलेली. तू इराण बनवायला निघालीस. इराण बनवू नकोस, एक खोली बनव. कुणाची खोली, कुठल्या सालची, किती वाजताची: हे वहीत लिहून होईपर्यंत कटरला हात लावायचा नाही. माझं हे एकच पालुपद आहे असं लोक म्हणतात. असू दे.

बादगीरचंच घे. इराणमधलं यझ्द शहर म्हटलं की वारा खाली ओढणारे मनोरे आठवतात, आणि दौलताबाद बागेतला तेहेतीस मीटरच्या वर उंच आहे, हे सगळं खरं. पण तुझी आजी तिथल्याच तफ्तजवळच्या झरतुष्ट्री, म्हणजे पारशांच्याच धर्माच्या, वस्तीतली आणि घर तिच्या आजोबांनी बांधलेलं, असं तूच लिहिलंयस. म्हणजे एकोणिसावं शतक संपत आलेलं. त्या काळात यझ्दच्या झरतुष्ट्र्यांना घरावर बादगीर किंवा माडी चढवायची मुभा नव्हती, भिंतीही बुटक्या ठेवाव्या लागत. मुंबईच्या पारशांनी १८५४ साली धाडलेले माणेकजी लिमजी हातरिया वर्षानुवर्षं झटले तेव्हा कुठे १८८२ साली जिझिया कर उठला, आणि बाकीची बंधनं त्यानंतरही हळूहळूच सैल झाली. तू हौसेनं बादगीर चढवलास आणि त्या घरावर काय लादलेलं होतं ते पुसून टाकलंस. पुढे कुणी बांधला असेल तर गोष्ट निराळी. पण विचारलंस का?

विचारायचं कसं, तेही सांगतो. 'घर कसं होतं?' असं विचारलंस तर 'मोठं होतं' एवढंच उत्तर येईल. सहा वर्षांच्या मुलीला सगळंच मोठं. अंगाच्या आठवणी विचार. अंगणातून पेस्गमवर, म्हणजे त्या उघड्या ओसरीवर चढताना कडा गुडघ्याला लागायचा की मांडीला? कोनाड्यातला दिवा हाताला यायचा का? आत येताना बापाला वाकावं लागायचं का? सहा वर्षांची मुलगी साधारण ११५ सेंमी उंच असते, गुडघा ३० सेंमीवर, वर केलेला हात १४० सेंमीपर्यंत पोचतो. दिवा हाताला येत नव्हता म्हणाली, तर कोनाड्याचा तळ १४० सेंमीच्या वर. भिंतीचं माप कागदावर नसलं तरी असं मिळतं. पाच-सहा उत्तरं जुळली की खोली उभी राहते. न जुळणारी पुसू नकोस, शेजारी लिहून ठेव.

मग प्रत्येक मापाला बारानं भाग. १:१२ हेच प्रमाण धर. १:२४ घेतलंस तर चहाचा नऊ सेंमीचा कमरबारीक पेला पावणेचार मिलिमीटरचा होतो आणि त्याची कंबरच दिसत नाही. १:१२ मध्ये तो साडेसात मिलिमीटरचा. तीन बाय चार मीटरची खोली २५ बाय ३३ सेंमी. तुझ्या खोक्यात पेला आहे अंगठ्याएवढा आणि दार आहे वीतभर. डोळ्याला ते लगेच कळतं, कारण सांगता आलं नाही तरी.

भिंती जाड हव्यात. कच्च्या विटांची भिंत सहज ६० सेंमी असते, म्हणजे तुझ्याकडे पाच सेंमी. तू तीन मिलिमीटरचा एकच सनबोर्ड, म्हणजे फोमचा हलका बोर्ड, उभा केलायस, म्हणून कोनाडे चिकटवलेल्या चौकटींसारखे दिसतात. पाच मिलिमीटरचे दोन सनबोर्ड घे, मध्ये चार सेंमीचे ठोकळे लाव. कोनाडा दोन-अडीच सेंमी खोल जाऊ दे. पोकळीतून दिव्याची वायर जाईल. मागचा बोर्ड चिकटवू नकोस, स्क्रूनं बसव. एलईडी कधी ना कधी जातोच, तेव्हा भिंत फोडायला नको. छप्पर सपाट करू नकोस. लाकूड दुर्मिळ असलेल्या त्या मुलखात छतही विटांच्या कमानीचंच असतं. जाड पुठ्ठ्याचे दोन थर पाइपावर वाकवून एकमेकांना चिकटव आणि रात्रभर बांधून ठेव.

गिलावा म्हणजे काहगिल, माती आणि भुशाचा. यझ्दची माती फिकट, भुरकट पिवळी. कोकणातली लाल किंवा आपल्याकडची काळी वापरून वरून रंग मारायच्या भानगडीत पडू नकोस; रंग उडाला की खालून महाराष्ट्र दिसतो. दोन चमचे मुलतानी माती, तीन चमचे खडूची पूड, एक चमचा कापडातून चाळलेली वाळू. फेविकॉल आणि पाणी समसमान कालवून त्यातलं थोडं थोडं घालत श्रीखंडाइतकं घट्ट कर. नुसती मुलतानी माती वापरलीस तर ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना जाळीदार भेगा पडतात, म्हणून खडू जास्त. फेविकॉल जास्त झाला तर भिंत चकाकते, आणि मातीची भिंत कधी चकाकत नाही. खरी भुशाची काडी दोन-तीन सेंमीची, म्हणून सुतळीचे धागे दोन मिलिमीटरचे कापून चिमूटभर टाक. सनबोर्ड आधी १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घास, नाहीतर गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. थर एक मिलिमीटरचा, दोन थर, मध्ये पूर्ण एक दिवस. पावसाळ्यात दोन दिवस, आणि बुरशी धरू नये म्हणून कालवणात लवंगेच्या तेलाचे दोन थेंब.

आता वेळ. तू हफ्त-सीनही मांडलंस आणि यल्दाची, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात लांब रात्रीची, डाळिंबंही. एक २१ मार्चच्या सुमाराची गोष्ट, दुसरी २१ डिसेंबरच्या सुमाराची. दोन्ही वेळा एका खोलीत कशा असतील? चिठ्ठीत आजीचं एकच वाक्य जिवंत आहे: 'थंडीत आम्ही सगळे कोर्सीखाली पाय घालून बसायचो.' म्हणजे तुझी खोली हिवाळ्याची, रात्रीची. ठरलं. अंगण, हौद, उंट, सगळं बाहेर काढ. मन घट्ट कर.

कोर्सी म्हणजे चौरंगासारखं बुटकं मेज, खाली निखाऱ्यांची शेगडी, वर भलीमोठी रजई. ९० सेंमीचं मेज तुझ्याकडे साडेसात सेंमीचं, उंची सव्वातीन. रजई अडीच मीटरची धरलीस तर वीस सेंमीच्या वर. भोवती बसायच्या गाद्या सहा सेंमी रुंद आणि भिंतीला टेकायचे लोड. कुठल्या बाजूला वडीलधारं माणूस बसायचं ते विचार, तिथला लोड जाड कर.

सगळ्यात जास्त वेळ रजईला जाणार आणि तो जाऊ दे. कापड बाराव्या हिश्शानं पातळ होत नाही, ही डायोरामाची खरी अडचण. साधा सुती तुकडा कोर्सीवर टाकलास की तो तंबूसारखा ताठ उभा राहतो. जुनी, धुऊन धुऊन विरलेली मलमल घे. आत कापूस भरू नकोस, टिश्यू पेपरचा एकच पदर पुरे. नक्षीही मोजून बघ: खऱ्या कापडावरची दहा सेंमीची कोयरी इथे आठ मिलिमीटरची हवी. टाके हातानं घाल, दीड मिलिमीटरपेक्षा मोठा टाका नको. मग एक भाग फेविकॉल, चार भाग पाणी यात बुडवून, पिळून, प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेल्या कोर्सीवर पसर. खाली थर्माकोल ठेवून घड्या टाचणीनं जागच्या जागी खोच आणि रात्रभर सोड. सकाळी रजई बसलेली असते. एका कडेला उचलल्याची घडी ठेव, कुणी नुकतेच पाय बाहेर काढल्यासारखी.

शेगडीत लाल एलईडी लावायचा तुझा बेत आहे. नको. निखारे राखेखाली झाकलेले असतात. ऊब रात्रभर पुरावी आणि रजई पेटू नये म्हणूनच तर ती राख. लाल उजेड रजईतून झिरपतो हे सिनेमातलं. शेगडीत खरी चाळलेली राख ठेव, दिसली नाही तरी.

उजेड फक्त कोनाड्यातल्या रॉकेलच्या दिव्याचा. तीन मिलिमीटरचा वॉर्म व्हाइट एलईडी, नऊ व्होल्टची बॅटरी. दुकानदार ३३० ओहमचा रेझिस्टर देईल; त्यानं १८ मिलिअँपिअर जातात आणि खोली दवाखाना होते. १.२ किलो-ओहमचा माग, पाचच मिलिअँपिअर जातील. वर काचेवरच्या पिवळ्या रंगाचा पातळ हात मार. कोपरे अंधारे राहतील. राहू देत, रात्र आहे.

तबकातलं डाळिंब सात मिलिमीटरचं, एअर-ड्राय क्लेचं; मुकुट चिमट्यानं ओला असतानाच काढ. फोडलेल्या डाळिंबात तू राई भरलीस, ती तिपटीनं मोठी. खसखस लाल शाईत रंगवून, वाळवून, बिनरंगी नेलपॉलिशमध्ये बसव. वर पॉलिशचा आणखी एक हात, नाहीतर मुंग्या आणि झुरळं सोडणार नाहीत. सुपरग्लू पारदर्शक वस्तूंजवळ आणू नकोस. त्याची वाफ पेल्यांवर पांढरी धरते आणि ती निघत नाही.

जमिनीवर गुलाब-वेलींचा मोठा गालिचा असेलच असं नाही. शेजारच्या मैबोदला झीलू विणतात, सुती, भौमितिक नक्षीचा, पुष्कळदा निळा-पांढरा. सहापदरी रेशमाच्या लडीसारखी सुती लडी मिळते, तिचा एकच पदर सोडवून विणलास तर जाडी बरोबर येते. आजी गालिचाच म्हणाली तर मात्र तयारी ठेव: दो-जर मापाचा, म्हणजे साधारण १.३ बाय २ मीटरचा, गालिचा ११ बाय १७ सेंमी होतो, आणि इंचाला चाळीस घरांच्या जाळीवर तो सुमारे ४६ हजार टाक्यांचा. म्हणून म्हणतो, आधी विचार.

समोवार थ्रीडी प्रिंट करून घेऊ का, असं विचारतेस. घे, मी अडवत नाही. पण समोवार होता का? की शेगडीच्या कडेला किटली होती? जी वस्तू आजीला नुसती 'होती' म्हणून आठवते ती विकत आण, प्रिंट कर, काहीही कर. जिला तिचा हात लागला, ती तुझ्या हातानं व्हायला हवी. यात भाबडेपणा नाही. रजई शिवताना अस्तराचा रंग कोणता, हा प्रश्न सुई अडवतोच आणि तुला फोन उचलावा लागतो. प्रिंटरला शंका येत नाही. मला जुन्या वळणाचा म्हणणारे पुष्कळ आहेत. ज्यांनी खोलीच्या आधी समोवार केले, त्यांच्याकडे आज फार देखणे समोवार आहेत आणि विचारायला घरात कुणी उरलेलं नाही. एवढं बघूनही हट्ट धरायचा नाही तर कधी धरायचा?

आणि कृपा करून, 'पर्शियन संस्कृती' अशी पट्टी समोर लावू नकोस. खालच्या फळीवर, न पुसणाऱ्या शाईनं, आजीचं नाव, गाव, अंदाजे साल आणि 'हिवाळ्यातली रात्र' लिही. वहीत प्रत्येक वस्तूपुढे खूण कर: आजीनं सांगितलेली, फोटोत दिसलेली, की तुझ्या अंदाजानं घातलेली. अंदाज असायला हरकत नाही. तो लपवायला आहे. तुझी आत्या वेगळं सांगेल, तेही लिही.

समोरची उघडी बाजू अख्खी ठेवू नकोस. कोर्सीशी बसलेल्या लहान मुलीचे डोळे जमिनीपासून साठेक सेंमीवर असतात, इथे पाच. त्या उंचीवर वीतभर लांब, तीन बोटं रुंद फट ठेव आणि खोकं टेबलावर डोळ्यासमोर येईल असं मांड. वरून बघितलं की ते खेळणं दिसतं. बाकी उन्हापासून लांब, ॲक्रिलिकच्या झाकणात, सिलिका जेलच्या दोन पुड्या. हॉट ग्लू कुठेही नको, मे महिन्यात सुटतो.

रविवारी जाशील तेव्हा मोजायची टेप ने आणि आजीला भिंतीशी उभी करून विचार, दिवा कुठपर्यंत होता, हातानं दाखव. दाराचंही राहिलंय. यझ्दच्या प्रत्येक फोटोत दोन फळ्यांचं दार आणि पुरुषांची-बायकांची वेगळी कडी दिसते, म्हणून तूही तसंच करशील, मला माहीत आहे. एक फळी होती की दोन, आत उघडायचं की बाहेर, उंबरठ्यानंतर पायरी वर जायची की खाली, आणि अंगणापर्यंतची वाट सरळ होती की वळणाची, हे विचारून घे. मापं पाठव. तोवर माती कालवू नकोस.